हर्णैचा दर्या

आम्ही अंजनगावचे. शेजारच्या तालुक्याचे नाव दर्यापूर, पण दर्या तिथून शेकडो मैल दूर. खारे पाणी आम्हाला ठाऊक ते खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे. दिवाळीच्या सुट्टीत सगळे घर कोकणात निघाले तेव्हा मुलांची मागणी एकच, देवमासा बघायचा. हजरत युनूस अलैहिस्सलाम यांचा किस्सा त्यांनी अम्मीकडून इतक्यांदा ऐकला होता की दर्या म्हटला म्हणजे देवमासा असणारच, हे त्यांनी ठरवूनच टाकले होते.

खरे सांगायचे तर हम्पबॅक देवमासा असा सहज दिसत नाही. अरबी समुद्रात तो आहे मात्र. इतर समुद्रांतले हम्पबॅक दरवर्षी ध्रुवांकडच्या थंड पाण्यात चरायला जातात आणि पिल्लांसाठी उबदार पाण्यात परततात. आपल्या समुद्रातले बाराही महिने इथेच. ओमानच्या किनाऱ्यावर मोजदाद झाली, तेव्हा अंदाज शंभराच्या आतच निघाला. 2017 साली तिथल्या एका मादीला उपग्रहाला माहिती कळवणारे यंत्र लावले, तर ती समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि पुढे कन्याकुमारीकडे गेली. शेपटीवर झाडासारखी खूण, म्हणून तिचे नाव लुबान. लुबान म्हणजे आपला लोबान! दर जुमेरातला घरात लोबान जाळणाऱ्या अम्मीला हे फार आवडले.

हर्णैजवळच्या मुरूडला फजरनंतर होडीत बसलो, ते डॉल्फिन बघायला. तेही हम्पबॅकच, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. हे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात, म्हणून जाळ्यांची आणि होड्यांची झळ यांनाच जास्त.

दूर सुवर्णदुर्ग दिसत होता. आधी 'फुस्स' असा श्वास ऐकू आला, मग राखाडी पाठ आणि तिला बिलगून एक लहानशी पाठ. आई वर आली की पिल्लू वर, आई बुडाली की तेही बुडे. मासा नव्हे, दूध पाजणारा जीव. श्वासासाठी वर यावेच लागते. मुले तर ओरडायचीही विसरली.

तेवढ्यात आणखी तीन होड्या धावत आल्या. एक तर सरळ मधूनच गेली. पुढच्या वेळी पिल्लू वर आले ते एकटेच, आई कुठे दिसेना. आमचा तांडेलही होडी पुढे दामटू लागला. अम्मी एकदम म्हणाली, "भाई, मशीन बंद करा. लेकराला दम तरी घेऊ द्या!"

होडीतले दोघे-तिघे कुरकुरले. पैसे सगळ्यांनीच मोजले होते. पण तांडेलाने अम्मीकडे पाहिले आणि मशीन बंद केली. पाण्यावर नुसते हिंदकळत राहिलो. बाकीच्या होड्या दुसरीकडे वळल्या. बराच वेळ काहीच नाही. अम्मीचे ओठ हलत होते.

मग खूप लांबून एक मोठा श्वास आला आणि त्याच्या मागोमाग एक बारीकसा.