एक घर, दोन कॅलेंडरं

आमच्या संकेश्वरात पुष्कळ घरांच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं लटकलेली दिसतील. एक मराठी, एक कन्नड. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं, हौस आहे. हौस कसली, गरज आहे! माझं माहेर गडहिंग्लजचं, सासरचे लोक घरात कन्नड बोलणारे, एक नणंद निपाणीत, दुसरी कोल्हापुरात. अशा घराचं वर्ष एका कॅलेंडरात मावत नाही.

सुट्टीचंच घ्या. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये सुट्टीला ‘सूटी’ म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ‘रजे’. म्हणजे आपली सुट्टी आणि आपली रजा, दोन्ही शब्द त्यांच्याकडं आहेत. शब्द जुळतात, तारखा तेवढ्या जुळत नाहीत. इकडच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडच्यांना दिवाळीला. माझी मुलं दसऱ्यात मोकळी असायची तेव्हा त्यांची मामेभावंडं सहामाहीचा अभ्यास करत बसलेली, आणि दिवाळीत ती मोकळी झाली की आमच्यांच्या पाठीवर दप्तर. उन्हाळ्यातही तसंच. इकडे एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास शाळा मिटते आणि मे सरता सरता उघडते. तिकडे मे लागल्यावर मिटते आणि जूनच्या मध्यावर उघडते. अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या भावंडांना वर्षात मिळून एक मे महिना!

मजा म्हणजे एक मेला दोन्हीकडे सुट्टी असते. तिकडे महाराष्ट्र दिन, इकडे कामगार दिन. एक नोव्हेंबरला मात्र इकडे राज्योत्सव, आणि बेळगावात त्याच दिवशी काळा दिनही पाळला जातो. त्या दिवशी आमच्यासारख्या घरांत जेवताना भाजीच्या भावाखेरीज दुसरा विषय निघत नाही. हा शहाणपणा कुणी शिकवलेला नाही. पाव्हणेमंडळींत राहून येतो.

शिवजयंतीची तर आणखी गंमत. महाराष्ट्र सरकारची १९ फेब्रुवारीला, आणि बेळगावची मोठी मिरवणूक वैशाख शुद्ध द्वितीयेच्या जुन्या तिथीप्रमाणं. दुसऱ्या दिवशी तृतीयेला बसवजयंती. महाराज आणि बसवण्णा असे लागोपाठ येतात, आणि मला विचाराल तर ही जोडी फारच चांगली जमली आहे.

सरकारी तारखांचं सोडा, बैलांचेही सण वेगळे. आमच्याकडे ज्येष्ठातली कारहुण्णिवे, मराठी कॅलेंडरात ‘कर्नाटकी बेंदूर’ छापतात ती. तिकडचा बेंदूर आषाढात. मधे ज्येष्ठाच्या अमावास्येला आमच्या सासूबाई मातीचे बैल पुजतात, ती मण्णेत्तिन अमावास्या. श्रावण संपताना मराठी कॅलेंडरात पोळा असतोच. बैल गेले, ट्रॅक्टर आले, पुरणपोळ्या मात्र तेवढ्याच लाटाव्या लागतात. दसऱ्याला माहेरी आपट्याचं पान, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’ सासरी शमीचं पान, ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण.’ झाड वेगळं, सोनं तेच.

हे दोन कारभार १९५६ साली सुरू झाले असं सगळे समजतात. मी वर्गात मुलांना सांगते, जरा मागं जाऊन बघा. इंग्रजांच्या काळात संकेश्वर त्यांच्या बेळगाव जिल्ह्यात आणि गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मधली काय ती सात-साडेसात वर्षं दोन्ही गावं एका सरकारखाली होती. एकूण सीमा आमच्या पाचवीलाच पुजलेली! हिरण्यकेशीला मात्र हे कुणी कळवलं नाही. आंबोलीत उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत इकडे येते. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा भाऊ तिकडून फोन करायचा, ‘ताई, इथं पाणी चढलंय, सामान वर घ्या.’ सरकारी सूचनेपेक्षा त्याच्या फोनवर आमचा विश्वास जास्त.

टीव्हीनं काही काळ सगळ्यांना एकत्र बसवलं. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं, ते हिंदीत, त्यामुळं वादच नव्हता. मग १९९४ ला उदय टीव्ही आला, १९९९ ला अल्फा मराठी, आणि रिमोटवरून सीमाप्रश्न घरात शिरला. सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला. संध्याकाळी साडेसातपर्यंत कन्नड, पुढं मराठी, बातम्या कुणाच्याच नाहीत. २०१२ मध्ये पुनीत राजकुमार कन्नडमधून कोट्यधिपतीचे प्रश्न विचारू लागला, पुढच्या वर्षी तोच खेळ मराठीत सचिन खेडेकरांनी सुरू केला. आमच्या घरात दोन्ही भाषांत उत्तरं दिली जायची, करोडपती कुणी झालं नाही.

आता मुलं कॉलेजात गेलीत. लेक राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या वेळापत्रकावर, भाचा शिवाजी विद्यापीठाच्या. सेमिस्टर पद्धतीमुळं एकाची परीक्षा संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू, म्हणजे तो एक मे महिनाही गेला. यंदा दोघं मिळून चार दिवस काय ते घरी होते. ते आम्ही वर्षाची चटणी करण्यात घालवले. तिखटाला आपली संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. कांडपाच्या गिरणीत दोघंही शिंकून बेजार, आणि शिंका आवरल्या की भाचा लेकीकडून कन्नड शिव्या शिकत होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मिरचीच्या धुरळ्यात का होईना, भाषा शिकत होता.

वहिनीनं पुढच्या मेसाठी आत्तापासूनच विचारलंय, परीक्षा कधी आहेत म्हणून. वेळापत्रक लागलं की कळवते म्हटलंय.