हातोडीच्या खुणा

चांदीची उथळ वाटी. तिचे तारेचे कान हवेत मोठा वळसा घेऊन पुन्हा वाटीलाच येऊन मिळतात. पोटात मात्र बारीक बारीक ठोके, उजेड पडला की पाण्यासारखे हलणारे. पुण्याच्या तांबट आळीत याला मठारकाम म्हणतात.

ही वाटी चार्ल्स रॉबर्ट ॲशबी यांच्या कल्पनेतली. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८८ साली त्यांनी ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ हे कारागीरमंडळ काढलं, तेव्हा मुरलेले चांदीकारागीर हाताशी नव्हते. बरेचजण करता करताच शिकले. चांदी ठोकत गेलं की ताठरते. मग ती तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची, आकार येईपर्यंत हेच. कारखान्यातली भांडी आरशासारखी गुळगुळीत असत. ॲशबींनी ठोके तसेच राहू दिले, आणि किती बरं केलं! त्या खुणांमुळेच तर करणाऱ्याचा हात आजही दिसतो.

१९०२ साली कारागीर बायकामुलांसह कॉट्सवोल्डमधल्या चिपिंग कॅम्पडन गावी गेले. जुन्या रेशीमगिरणीत कामं सुरू झाली.

पण बाजार निराळाच. लंडनच्या ‘लिबर्टी’ या दुकानाने १८९९ साली आणलेली ‘किम्रिक’ चांदी दिसायला याच वळणाची, पण यंत्राच्या मदतीने केलेली, म्हणून स्वस्त. हाताने घडवणाऱ्यांना तो भाव परवडेना. १९०८पर्यंत गिल्ड मोडलं, याची हळहळ वाटतेच.

गिल्डमधले जॉर्ज हार्ट मात्र कॅम्पडनमध्येच राहिले. त्यांच्या घराण्याने चालवलेल्या कार्यशाळेत, त्याच गिरणीत, पुढेही चांदीवर हातोडी पडत राहिली.