शारजातले नऊ दिवस

हजच्या सोडतीत आमचं नाव आलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. मोहल्ल्यात पेढे वाटले, मुबारकबादी झाल्या, आणि मग तरबियती कॅम्प सुरू झाले. एहराम कसा बांधायचा, मीनात चपला कुठे ठेवायच्या, साखरेच्या गोळ्या किती न्यायच्या, हे सगळे वहीत उतरवून घेत होते. मौलाना मध्येच म्हणाले, "अल्लाहचा हक अल्लाह माफ करील, तो रहीम आहे. पण बंद्याचा हक बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो. ज्याचं देणं आहे त्याचं देऊन या, ज्याला दुखावलंय त्याच्या दारात जाऊन या."

मी वहीत एक नाव लिहिलं आणि शेजारच्याला दिसू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

तो माणूस शारजात होता. घरी मी एवढंच सांगितलं की जुन्या दोस्ताने फार वर्षांपासून बोलावलंय, आठ-नऊ दिवस जाऊन येतो, थोडं दुबईही बघून घेतो. बायको म्हणाली, "लोक हजच्या आधी दुनिया सोडतात, तुम्ही बुर्ज खलिफा बघायला निघालात." तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती येणार नव्हतीच. तिकीट मुलाने काढलं. तो चाकणला एका कारखान्यात आहे, सातव्या वर्षीही कंत्राटीच. त्याच्या पैशाने जाताना मला जरा लाजच वाटली.

आता त्या दोस्ताविषयी. त्याचं नाव सांगत नाही. कारखान्यात त्याला सगळे सोलापूरकरच म्हणायचे. औंधच्या आयटीआयमध्ये आम्ही एकाच बॅचचे टर्नर. १९८४ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात दोघेही एकाच आठवड्यात लागलो. शेजारी शेजारी लेथ, एकच डबा, पहिल्या पाळीला भोंग्याच्या आधी एकच सायकल. तो पॅडल मारायचा आणि मी मागे बसून पेंगायचो. घरात आम्ही दोघेही दखनी बोलणारे, पण मशीनवर मराठीच. युनियनच्या मीटिंगमध्ये त्याचं मराठी ऐकून नगरकडची पोरंसुद्धा गप्प बसायची.

१९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोच्या कामगारांचं शनिवारवाड्यावरचं उपोषण पोलिसांनी मोडलं. त्या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये असलेल्या कुठल्याही कामगाराला ती हवा आठवत असेल. मोठ्यांचं काय होतंय यावर आमच्यासारख्या लहान कारखान्यांची नजर होती, आणि मालकांचीही. १९९० च्या फेब्रुवारीत आमच्या इथे सोलापूरकरला चार्जशीट मिळाली: त्याने फोरमनला ढकललं. त्याने ढकललं नव्हतं. फरशीवर कूलंटचं तेल सांडलेलं होतं, फोरमन तावातावाने येताना त्यावरून घसरला. हे मी तीन हातांवरून पाहिलं. दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही.

इन्क्वायरीत त्याने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. मी सहा वर्षं टेम्पररी होतो, पर्मनंटची ऑर्डर टाइप होऊन तयार आहे असं ऑफिसातून कानावर आलं होतं, आणि मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. मला प्रश्न विचारला गेला. मी म्हणालो, "माझं लक्ष जॉबवर होतं."

खोटी साक्ष दिली नाही असं मी स्वतःला पस्तीस वर्षं सांगत आलो. त्याला कामावरून काढलं. मला ऑर्डर मिळाली. त्या एप्रिलच्या ईदला मी कासारवाडीला त्याच्या खोलीवर शीरखुर्मा प्यायला गेलो नाही. नंतर कळलं की वर्षभराहून जास्त तो रिकामा होता, मग एका एजंटमार्फत शारजाला गेला. आयटीआयच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा त्याचा नंबर मिळाला. ईदला मुबारक, कुणाच्या मयतीला इन्ना लिल्लाह, यापलीकडे बोलणं नाही. पण 'कधी येतोस' हे तो दर वेळी लिहायचा.

जानेवारी २०२५ मध्ये मी गेलो. विमानतळावर त्याने मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "तुझा चष्मा अजून नाकावरून घसरतो." माझं सगळं पाठ केलेलं बोलणं तिथेच विरलं.

पुढचे पाच दिवस त्याने मला इतकं फिरवलं की बोलायला सवडच नको. दुबईच्या खाडीत एका दिरहमला पैलतीरी नेणारी लाकडी आब्रा मला बुर्ज खलिफापेक्षा आवडली. ८२८ मीटर उंचीकडे मान वर करून किती वेळ बघणार? आब्रात मात्र शेजारी पेशावरचा हमाल, समोर केरळची नर्स, आणि पाण्याला आपल्या मुळेत नसलेला स्वच्छ वास. शारजात जुन्या बाजाराच्या इमारतीत २००८ पासून इस्लामी संस्कृतीचं संग्रहालय आहे, तेही पाहिलं.

पण एका जागी आम्ही दोघं तासभर हललो नाही. इब्न बतूता मॉलमध्ये अल-जझारीच्या हत्तीच्या घड्याळाची भलीमोठी प्रतिकृती आहे. अल-जझारी हा दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला कारागीर. १२०६ मध्ये त्याने आपल्या यंत्रांचं पुस्तक पुरं केलं, आणि त्यात पाणी उपसण्याच्या यंत्राला क्रँक लावलेला आहे. ज्याने आयुष्यभर शाफ्ट घासले त्याला हे वाचून काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. आमच्या तकरिरींमध्ये 'मुसलमानांनी विज्ञान दिलं' हे शंभरदा ऐकलं, पण एकाही मौलानाने क्रँक म्हणजे काय हे सांगितलं नाही. आयटीआयच्या मास्तरांनी अल-जझारीचं नाव सांगितलं नाही ते वेगळंच.

घड्याळ असं: हत्तीच्या पोटात पाण्याचा हौद. त्यात तरंगणारं एक भांडं, भांड्याच्या बुडाला बारीक भोक. अर्ध्या तासात भांडं भरतं आणि बुडतं. बुडताना दोरी ओढली जाते, वरून गोळा सुटतो, सापाच्या तोंडात पडतो, साप खाली झुकतो, माहूत टोला देतो, आणि सापाच्या वजनाने बुडालेलं भांडं पुन्हा वर येतं. सोलापूरकर म्हणाला, "सगळी कमाल भोकाची आहे. भोक जरा मोठं झालं की वेळ चुकली. त्याने ते किती वेळा घासून बघितलं असेल!" आम्ही दोघं बोटांनी हवेत मापं घेत उभे होतो. पाहणारे हसत होते.

सहाव्या दिवशी तो मला त्याच्या वर्कशॉपवर घेऊन गेला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाळा, चार लेथ, एक मिलिंग, अकरा माणसं. तेलाचा तोच वास, भोसरीचा. फरक एवढाच की त्या देशात युनियन करायला आणि संप करायला कायद्याने बंदी आहे, आणि युनियनमुळे ज्याची नोकरी गेली तो तिथे मालक आहे. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. तोच म्हणाला, "पगार एक तारखेला देतो. बाकी मला काही विचारू नको."

आम्ही चहा पीत होतो तोच आतून आवाज झाला. एका मशीनचं महागडं टूल तुटलं होतं. त्याने विचारलं, किसने किया? शेजारच्या मशीनवरचा बिहारचा पोरगा खाली बघून म्हणाला, "देखा नहीं सेठ, काम में ध्यान था."

सोलापूरकर क्षणभर थांबला. मग माझ्याकडे वळून पाहिलं, आणि हसला. पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, जा, दुसरं टूल लाव.

केबिनमध्ये आल्यावर मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, त्याला सगळं माहीतच होतं. मी फक्त 'पाहिलं होतं' हा शब्द उच्चारला. तो कपाकडे बघत राहिला. म्हणाला, "यार, मी तुझ्या जागी असतो तर काय बोललो असतो, मला आजही खात्री नाही. साक्षीचं मी केव्हाच सोडून दिलं. पण ईदला तू आया नई. वो दिल में रह गया." मग थोड्या वेळाने, "माफ आहे. हजला बेफिकीर जा. पण माझं माफ करून काय होणार? त्या चौदा महिन्यांत घर मी नाही चालवलं."

खरं सांगतो, वहीत लिहिताना भाभींचं नाव माझ्या मनात आलंच नव्हतं. मौलानांनी बंद्याचा हक म्हटलं आणि मला फक्त तो दिसला.

भाभी स्वयंपाकघरात होत्या. सहा दिवस त्यांनी मला भाकरी, शेंगाचटणी, दालचा, काय काय खाऊ घातलं. मी दाराशी उभा राहून बोललो. त्यांनी गॅस बारीक केला, पण वळल्या नाहीत. "साडीला फॉल लावायचे मी दीड रुपया घेत होते, भाईजान. पोरगा दोन वर्षांचा. तुमच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली होती, आम्ही शेजारच्यांना वाचायला दिली, खूप सुंदर छापली होती." बस्स. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "विचार करून सांगते." आणि मला ताट घ्यायला सांगितलं.

उरलेले तीन दिवस त्या नेहमीसारख्याच बोलल्या. आग्रह तोच, मीठ तेवढंच. सोलापूरकरने मला अजमानचा समुद्रकिनारा दाखवला, मी वाळूत बसलो, पण पाहिलं काय ते आठवत नाही.

निघताना त्यांनी घडी केलेला वहीचा कागद दिला. "अराफातवर ह्यांच्यासाठी दुआ करा." विमानात उघडला. मराठीत लिहिलेली सात नावं. त्यांची आई. उधारीवर धान्य देणारा कासारवाडीचा वाणी. फी न घेणारे डॉक्टर. पोराला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू. शिलाई मशीन भाड्याशिवाय देणारा मारवाडी. भाडं न मागणारी घरमालकीण. सातवं नाव त्या फोरमनचं होतं. पुढे लिहिलं होतं, 'घसरून कंबर मोडली होती, बरा झाला की नाही कळलं नाही.' मला ते कळलं होतं. बरा झाला नव्हता. मी चौकशी करायला तिकडेही गेलो नव्हतो.

यातले बहुतेक बिगरमुस्लिम. त्यांच्यासाठी अराफातवर दुआ करावी की नाही यावर आमच्या मोहल्ल्यात दोन मतं निघतील. मी कुणालाच विचारलं नाही.

५ जून २०२५ ला अराफातचा दिवस होता. उन्हामुळे सकाळी दहा ते चार तंबूबाहेर पडू नका अशी सूचना होती. तंबूत आमच्या भागातले चाळीसेक लोक रडत होते, कुणी पुटपुटत होतं. मी कागद काढला आणि सातही नावं दोन दोनदा घेतली. त्यात माझं नाव नव्हतं. घडी करताना कागद उलटा करून पाहिला. मागे पेन्सिलीने शिवणाची मापं होती, कुठल्या तरी ब्लाउजची, अर्धी पुसलेली.