ओसाका : दिव्यांचे शहर आणि ढोलांचा रस्ता

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन आणि बुद्धमूर्ती उभी राहते. देश बौद्ध, म्हणजे तिथे जन्मावरून उच्चनीच नसणार, अशीही आपली एक समजूत असते. आम्ही दोघे मित्र, एक कारकून व एक फिटर, चार वर्षे पैसे साठवून ओसाका शहर पाहून आलो. पहिलाच परदेश प्रवास. तिथे जे पाहिले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

ओसाका हे व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे शहर. सूतगिरण्यांमुळे एकेकाळी त्याला 'पूर्वेचे मँचेस्टर' म्हणत. गिरणगावात वाढलेल्या आम्हाला ते लगेच जवळचे वाटले. सकाळी उमेदा भागातल्या स्टेशनांत दादरसारखीच गर्दी. पण फलाटावरच्या खुणांपाशी रांग लागते, उतरणारे आधी उतरतात, मगच चढणारे चढतात. सरकत्या जिन्यावर लोक उजवीकडे उभे राहतात आणि डावी बाजू घाईतल्यांसाठी सोडतात. टोकियोत याच्या उलट. तिकिटे यंत्रातून मिळतात. भाडे नक्की कळले नाही तर कमीत कमी भाड्याचे तिकीट घ्यावे आणि उतरल्यावर दुसऱ्या यंत्रात फरक भरावा. दंड नाही, हुज्जत नाही. हिशेबात आयुष्य गेलेल्या कारकुनाला ही सोय फार आवडली.

संध्याकाळी दोतोनबोरीला गेलो. मधे कालवा, दोन्ही काठांवर दिव्यांच्या पाट्या. दोन्ही हात उंचावून धावणाऱ्या खेळाडूची इथली जाहिरात पहिल्यांदा १९३५ साली लागली. आजची पाटी २०१४ सालची, सहावी. खाली गाड्यांवर ताकोयाकी भाजत होते. आपल्या आप्पेपात्रासारखाच तवा, आत ऑक्टोपसचा तुकडा. "आप्पेच की हो हे, फक्त मांसाहारी!" फिटर मित्र म्हणाले, आणि आणखी सहा घेतले.

दुसऱ्या दिवशी तेन्नोजी स्टेशनवरून चालत शितेन्नोजी विहारात गेलो. राजपुत्र शोतोकु यांनी इ. स. ५९३ साली तो स्थापन केला. दरवाजा, पाच मजली पॅगोडा, मुख्य सभागृह आणि प्रवचनगृह एका सरळ रेषेत आहेत. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात इमारती जळाल्या. आजच्या मुख्य वास्तू १९६३ साली पुन्हा उभ्या राहिल्या. विहाराबरोबरच गरिबांसाठी आश्रयगृह, रुग्णालय आणि औषधालय काढले होते, असे परंपरा सांगते. विहार म्हणजे फक्त वंदनेची जागा नव्हे, हे तिथे मनावर ठसले. बुद्धापुढे हात जोडून आम्ही त्रिशरण म्हटले. शेजारच्या जपानी आजीबाईंनी वाकून नमस्कार केला.

तेथून लूप लाइनच्या गाडीने तिसऱ्या स्टेशनवर, अशिहाराबाशीला उतरलो. पर्यटक इकडे फारसे येत नाहीत. पण आम्ही मुद्दाम आलो, कारण ही चामड्याचे काम करणाऱ्यांची जुनी वस्ती. जपानमध्ये अशा वस्त्यांतल्या लोकांना 'बुराकुमिन' म्हणतात. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे त्यांच्या माथी जन्माने मारलेली. रंग तोच, भाषा तीच, धर्मही बौद्धच, तरी वस्ती वेगळी. काही भिक्षूंनी तर त्यांच्या मृतांना द्यायच्या धर्मनावांतही हीन अक्षरे घातली. वाचक हो, हे वाचून कोणाला आपले गाव आठवणार नाही?

इथले लोक मोठमोठे ढोल बनवीत. कातडे यांनी ताणायचे, ढोल देवळात वाजायचा, आणि बनवणारा मात्र अस्पृश्य! आज त्याच वस्तीने आपल्या रस्त्याला मानवी हक्क आणि ढोल यांचे नाव दिले आहे. रस्त्याकडेला ढोलाच्या आकाराची बाकडी आहेत. वस्तीतल्या तरुणांनी ढोलवादनाचे पथक काढले, त्याचे नाव 'इकारी', म्हणजे संताप. जे लाजेचे म्हणून लादले होते, तेच त्यांनी अभिमानाने गळ्यात घातले.

हे आपोआप झाले नाही. सरकारी फर्मानाने १८७१ सालीच हा भेद कागदावर रद्द झाला होता, पण समाजात तो राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या लोकांनी स्वतःची 'सुईहेईशा' ही समतेची संघटना उभारली. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडचे पाणी चाखले. समुद्रापलीकडे एकाच काळात एकच लढा चालू होता! तरी १९७५ साली उघडकीस आले की कंपन्या अशा वस्त्यांच्या नावांच्या छुप्या याद्या विकत घेऊन नोकरीच्या अर्जदारांची चौकशी करीत. हा भेद अजून शिल्लक आहे हे मान्य करणारा कायदा २०१६ साली झाला. याच भागात १९८५ पासून मानवी हक्कांचे संग्रहालय होते. ते २०२० साली बंद झाले.

बुद्धमूर्ती घरात आली म्हणून समता आपोआप येत नाही. ती आणावी लागते, आणि ज्यांना चटका बसला त्यांनी एकत्र येऊनच. बांधवांपैकी कोणी ओसाकाला गेले तर दोतोनबोरीचे दिवे जरूर पाहा, मुलांसाठी फोटोही काढा. पण अर्धा दिवस राखून अशिहाराबाशीला उतरा आणि त्या रस्त्यावरून सावकाश चाला.