कोकोच्या गावात

बर्मिंगहॅम हे काही हौसेने पाहायला जावे असे शहर नव्हे. इंग्लंडला गेलेला मराठी माणूस लंडन पाहतो, शेक्सपिअरच्या गावाला जाऊन येतो, फार तर सरोवरांच्या प्रदेशात दोन दिवस पावसात भिजतो. बर्मिंगहॅमच्या वाटेला तो कामाशिवाय जात नाही. पण या कारखान्यांच्या शहराच्या दक्षिण अंगाला एक गाव आहे, आणि त्या गावचा माल आपल्या घराघरांत पोचलेला आहे. गावाचे नाव बोर्नव्हिल. माल कोणता, हे मुलांना विचारा. कॅडबरी १९४८ साली हिंदुस्थानात आली आणि इथलीच होऊन गेली. ठाण्यातला एक चौक तर लोक अजून 'कॅडबरी जंक्शन' म्हणूनच ओळखतात.

न्यू स्ट्रीट स्टेशनवरून लोकल गाडीत बसले की दहा-बारा मिनिटांत बोर्नव्हिल येते. रुळांच्या कडेने एक जुना कालवा संथपणे सोबत करीत असतो. स्टेशन आले हे पाटी वाचण्याआधीच कळते, कारण फलाटावरचे खांब आणि कठडे चॉकलेटच्या वेष्टनासारखे जांभळे रंगवलेले आहेत. वारा अनुकूल असला तर भाजल्या कोकोचा मंद वासही येतो. आमच्या सौभाग्यवतींनी गाडीतून उतरताच तो ओळखला.

"अहो, घरात कुणीतरी गोड करीत असावं ना, तसं वाटतंय!" ती म्हणाली.

आमचे यजमान मूळचे नाशिकचे, आता बरीच वर्षे इकडे स्थायिक झालेले. ते हसून म्हणाले, "वहिनी, इथल्या लोकांना आता तो वास येईनासा झालाय. देवळाशेजारी राहणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही, तसंच हे."

घंटा मात्र इथे खरोखरच आहेत. गावच्या मध्यभागी हिरवळीचा एक विस्तीर्ण चौक आहे. त्याच्या कडेला शाळा, आणि शाळेच्या मनोऱ्यावर सुरात लावलेल्या अठ्ठेचाळीस घंटांचा संच. जॉर्ज कॅडबरी यांनी बेल्जममधील ब्रूझ शहरी असा घंटानाद ऐकला आणि १९०६ साली आपल्या गावात तो आणला. हिरवळीवर एक अष्टकोनी विश्रामगृह आहे. ते मालकांच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून कामगारांनी वर्गणी काढून बांधले. मालकाने कामगारांसाठी काही बांधल्याचे आपण ऐकतो, उलटी गोष्ट विरळाच. थोड्या अंतरावर साध्या विटांची एक इमारत दिसते. तिच्यात ना वेदी, ना मूर्ती, ना व्यासपीठ. ती क्वेकर पंथाची प्रार्थनासभा. बोर्नव्हिल समजून घ्यायचे तर आधी या इमारतीत डोकवायला हवे.

क्वेकर हा सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून निघालेला ख्रिस्ती पंथ. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वराचा अंश आहे, तेव्हा मध्ये पुरोहित कशाला, असे हे लोक मानतात. रविवारी जमतात आणि तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावेसे वाटले तर तो उठून चार शब्द बोलतो, नाहीतर सगळा वेळ मौनच. हे लोक शपथ घेत नाहीत. कारण एरवी खोटे बोलणाऱ्यानेच शपथ घ्यायची असते! शस्त्र हाती धरीत नाहीत. दुकानात भाव एकच सांगतात, घासाघीस करीत नाहीत. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे एकोणिसाव्या शतकात बराच काळ त्यांना बंद होती, सैन्यात ते जाणार नाहीत. मग उरला व्यापार. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउनट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी ही इंग्लंडातली तिन्ही मोठी चॉकलेटवाली घराणी क्वेकर निघाली, ती यामुळेच. कोको हे दारूला पर्याय म्हणून पाजायचे सात्त्विक पेय, ही भावनाही त्यामागे होतीच.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. मळ्यात विठ्ठल पाहणारा सावता माळी आपला, आणि चिखल तुडवताना नामात रंगणारा गोरा कुंभारही आपलाच. काम आणि भक्ती यांच्यात भिंत नाही, हे आपल्या संतांनी सांगून ठेवले आहे. पण सावत्याच्या मळ्यात मजूर किती होते? ज्याच्या मळ्यात हजारो माणसे राबतात आणि ज्याचे बियाणे समुद्रापलीकडून येते, त्याने ही भक्ती कशी करायची? कॅडबरींपुढे हा प्रश्न होता.

जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये चहा, कॉफी आणि कोकोचे दुकान घातले. त्यांचे मुलगे रिचर्ड आणि जॉर्ज यांनी १८६१ साली धंदा हाती घेतला, तेव्हा तो बुडायच्या बेतात होता. आईकडून वारशाने आलेले पैसे दोघांनी त्यात घातले. त्या काळी कोकोत बटाट्याचे पीठ, साबुदाणा, काय वाटेल ते मिसळीत. कॅडबरींचा कोकोही त्याला अपवाद नव्हता. १८६६ साली भावांनी हॉलंडहून नवे यंत्र आणले. त्याने कोकोतली जादा चरबी निघून जाई आणि पीठ मिसळण्याची गरजच उरत नसे. 'शुद्ध कोको' म्हणून त्यांनी तो बाजारात आणला. पुढे भेसळीविरुद्ध कायदे झाले, लोकांना शुद्धतेची किंमत कळली आणि धंदा सावरला. सचोटी फायद्यात पडल्याची ही गोष्ट. अशी सचोटी कुणालाही आवडते.

जॉर्ज कॅडबरी सुमारे पन्नास वर्षे दर रविवारी सकाळी गरीब प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवीत. त्यांच्या घरी जाणेयेणे झाले आणि कोंदट चाळींत माणसे कशी राहतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८७९ साली दोघा भावांनी कारखाना शहरातून उचलून मोकळ्या शेतांत आणला. जवळच्या बोर्न ओढ्यावरून गावाला नाव दिले. १८९५ पासून घरे बांधायला सुरुवात झाली. प्लॉटच्या चौथाईपेक्षा जास्त जागेवर घर बांधायचे नाही, उरलेल्या जागेत बाग. भाडेकरू राहायला येण्यापूर्वीच परसात सफरचंदाची, नासपतीची झाडे लावलेली असत. घरे केवळ आपल्याच कामगारांसाठी राखून ठेवली नव्हती, कुणालाही मिळत. १९०० साली तीनशे तेरा घरे आणि तीनशे तीस एकर जमीन जॉर्जने एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केली आणि त्यावरचा हक्क सोडला. आजही तीच संस्था गावाचा कारभार पाहते.

मराठी माणसाला इथे किर्लोस्करवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच, की इथे कारखान्याच्या दारातच क्रिकेटचे देखणे मैदान आहे. गावात पब मात्र नाही. ती संस्थापकांची अट.

"म्हणजे मालक सांगेल तसं राहायचं?" सौ.ने विचारले.

प्रश्न रास्त होता. सकाळी कामाआधी बायबलचे वाचन होई. पुरुषांचे आणि बायकांचे दरवाजे वेगळे. मुलीचे लग्न झाले की तिने नोकरी सोडायची. निरोप देताना तिला एक बायबल आणि एक कार्नेशनचे फूल मिळे. पोहण्याचे तलाव, वैद्यकीय सोय, १९०६ पासून पेन्शन, हे सारे मिळत होते, पण वडीलकीच्या हाताने. वडीलकी कितीही प्रेमळ असली तरी तिला धाकटे लागतातच. तरीही त्या काळच्या बर्मिंगहॅमच्या चाळींतून आलेल्या माणसाला परसातले सफरचंदाचे झाड काय वाटले असेल, ते आपण मुंबईकरांनी तरी समजून घ्यावे.

इथवर सारे गोड झाले. पण कोको बोर्नव्हिलला पिकत नाही.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ साओ टोमे आणि प्रिन्सिपे नावाची दोन बेटे आहेत. तेव्हा ती पोर्तुगीजांकडे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरींचा जवळजवळ निम्मा कोको तिथून येई. १९०१ साली रिचर्डचा मुलगा विल्यम याच्या कानावर आले, की तिथल्या मळ्यांत मजूर नसून गुलामच राबतात. विक्रीला निघालेल्या एका मळ्याच्या जाहिरातीत तर गुराढोरांसारखी मजुरांचीही किंमत धरलेली होती. कागदोपत्री हे लोक अंगोलातून पाच वर्षांच्या कराराने आणलेले. पण करार संपून परत गेलेला माणूस जवळजवळ कुणी पाहिला नव्हता.

ज्यांच्या पंथाने इंग्लंडात गुलामगिरीविरुद्ध सर्वांत आधी आवाज उठवला, त्यांच्याच कढईत हा कोको शिजत होता.

मग काय केले? चौकशी. १९०५ साली जोसेफ बर्ट नावाचा क्वेकर गृहस्थ पोर्तुगीज भाषा शिकून बेटांकडे निघाला. १९०७ साली तो परतला आणि त्याच्या अहवालाने ऐकलेले खरे ठरवले. दरम्यान १९०६ सालीच हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने पुस्तक लिहून या गुलामगिरीचा बोभाटा केला होता. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने कॅडबरींना थांबायला सांगितले. ट्रान्सव्हालच्या खाणींना पोर्तुगीज वसाहतींतूनच मजूर मिळत होते, तेव्हा सरकारला पोर्तुगालला दुखवायचे नव्हते. कॅडबरींचे म्हणणे असे, की आम्ही खरेदी थांबवली तर आमच्या शब्दाला वजन उरणार नाही. १९०८ साली विल्यम स्वतः अंगोलाला जाऊन आला. अखेर १९०९ च्या मार्चमध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री यांनी मिळून तिथला कोको घेणे बंद केले. पहिली बातमी कानी आल्यापासून आठ वर्षे गेली होती.

लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्राने १९०८ सालीच टीकेची झोड उठवली होती. जॉर्ज कॅडबरी 'डेली न्यूज' या पत्राचे मालक. त्या पत्राने आफ्रिकेतल्या खाणींत राबणाऱ्या चिनी मजुरांसाठी रान उठवलेले. मग स्वतःच्या कोकोचे काय, असा 'स्टँडर्ड'चा सवाल होता. कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला आणि १९०९ च्या डिसेंबरात तो बर्मिंगहॅममध्येच चालला. 'स्टँडर्ड'चे वकील एडवर्ड कार्सन यांनी उलटतपासणीत विल्यमला विचारले, की या वर्षांत तुमचा कोको तयार करताना किती गुलाम मेले असतील, याचा तुम्ही काही अंदाज केला आहे काय? विल्यमजवळ उत्तर नव्हते.

ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. दावा जिंकला, आणि अब्रूची किंमत छदाम ठरली. त्या बारा जणांना जे म्हणायचे होते ते त्यांनी एका नाण्यात म्हटले.

कॅडबरी ढोंगी होते का? मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस भाषा शिकवून चौकशीला कुणाला पाठवीत नाही आणि स्वतः तापाच्या मुलखात जात नाही. त्यानंतर त्यांनी गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानातल्या छोट्या शेतकऱ्यांकडून कोको घ्यायला सुरुवात केली. पण नजरेसमोरच्या कामगारासाठी जो माणूस स्वतःची जमीन देऊन टाकतो, तोच नजरेआडच्या मजुरासाठी आठ वर्षे पुरावे गोळा करीत राहतो. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही येशूची आज्ञा. धंद्यात पडलेल्या माणसाला शेजार नेमका कुठे संपतो, हे ठरवावे लागते. आणि हिशेबाची वही तो जवळच संपवायला सांगत असते.

बोर्नव्हिलपासून जवळच सेली ओक भागात 'वुडब्रुक' नावाचे घर आहे. जॉर्ज कॅडबरी स्वतः तिथे राहत. १९०३ साली त्यांनी ते क्वेकरांच्या विद्यालयासाठी दिले. गोलमेज परिषदेसाठी विलायतेत आलेले महात्माजी १९३१ च्या ऑक्टोबरात तिथे येऊन गेले. साधन आणि साध्य यांची फारकत न मानणारा तो माणूस या घरात कसा शोभला असेल, याची कल्पना करीत आम्ही गावातून हिंडत होतो.

पुढे काळ बदलला. २०१० साली अमेरिकेतल्या क्राफ्ट कंपनीने कॅडबरी विकत घेतली. ब्रिस्टलजवळचा जुना कारखाना चालू ठेवू, असे आधी सांगितले आणि ताबा मिळताच शब्द फिरवला. आता मालकीचे नाव माँडेलीझ. पश्चिम आफ्रिकेचा प्रश्नही मिटलेला नाही. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या शेतीत पंधरा लाखांहून अधिक मुले राबतात, असे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. हा कोको एका कंपनीचा नव्हे, साऱ्या जगाचा आहे. म्हणजे आपलाही.

सणासुदीला मिठाईच्या ताटात हल्ली चॉकलेटचा डबा असतोच. तो फेकून द्या असे कुणी म्हणणार नाही, आणि मुले तर मुळीच ऐकणार नाहीत. पण आपण कचेरीत सह्या करतो, दुकानात माल घेतो, घरी माणसे कामाला ठेवतो. प्रत्येक सहीच्या, मालाच्या मागे कुठले तरी एक बेट असते. बोर्नव्हिलच्या त्या साध्या इमारतीत माणसे अजूनही रविवारी तासभर गप्प बसतात. धर्म कोणताही असो, आठवड्यातून एकदा असे गप्प बसून आपला कोको कुठून येतो हे स्वतःला विचारायला काय हरकत आहे? मात्र उत्तर मिळाल्यावर आठ वर्षे थांबू नये.