गाडीची रोजनिशी

प्रत्येक एकत्र कुटुंबात एक तरी माणूस असा असतो, की शेवटचे पाऊल घरात पडल्यावाचून त्याचा डोळा लागत नाही. आमच्या घरी हा मान पूर्वी आजीकडे होता. पुढे तो वडिलांकडे गेला. आणि डोक्यावरचे केस पिकू लागल्यापासून तो न मागता आमच्याकडे आला आहे. रात्रीची जेवणे आटोपली, की आम्ही ओसरीवरच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसतो. ते सकाळीच वाचून झालेले असते, हे घरातल्या लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तसे कोणी बोलून दाखवीत नाही.

आमचे वास्तव्य गोंदियाजवळ बिरसीस. गाव लहान, सभोवती धानाच्या बांध्या. पण गावाला विमानतळ आहे. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रज सरकारने येथे धावपट्टी बांधली, आणि आज तेथे वैमानिकांचे शिक्षण चालते. लहान लहान शिकाऊ विमाने डोक्यावरून घिरट्या घालीत असतात. आमच्या घरात मात्र सर्वांची भिस्त दुचाकीवर. आमचा पुतण्या मोटारसायकलीने गोंदियास नोकरीला जातो, आणि सूनबाई तेथल्याच एका महाविद्यालयात शिकवतात. त्या स्कूटरवरून जातात. जाऊन-येऊन चोवीस-पंचवीस किलोमीटरांचा रोजचा प्रवास. पावसाळ्यात रस्ता निसरडा, आणि अंधार पडल्यावर समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळे दिपवून टाकणारे.

२०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती, हा सरकारी आकडा आम्ही कोठेसा वाचला. आकडा वाचावा आणि विसरावा, असे ओसरीवर बसणाऱ्याला जमत नाही. आठवड्याच्या आत आम्ही दोन जीपीएस यंत्रे विकत आणली. गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, कोठे किती वेळ थांबली, हे सारे मोबाईलवर दाखविणारी ती यंत्रे होती. एक पुतण्याच्या मोटारसायकलीला बसविले, दुसरे सूनबाईंच्या स्कूटरला.

पुतण्याला आम्ही आधी विचारले होते. तो क्षणभर थांबून म्हणाला, "बसवा, काका. पण मला विचारल्याशिवाय पाहू नका." आम्ही तसे वचन दिले. सूनबाईंना मात्र आम्ही विचारले नाही. विचारावे असे आमच्या मनातही आले नाही. हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते. म्हणूनच ते लिहिले पाहिजे.

ह्या यंत्राविषयी पुष्कळांचा असा समज असतो, की आकाशातला उपग्रह आपल्या गाडीवर नजर ठेवून असतो. वस्तुस्थिती तशी मुळीच नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि वेळ व आपले स्थान सांगणारे संदेश अखंड धाडीत राहतात. गाडीवरचे यंत्र ते नुसते ऐकते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते आपली जागा ठरविते आणि लहरींच्या कंप्रतेत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून आपला वेग काढते. उपग्रहाला आमच्या स्कूटरचा पत्ताही नसतो! खरी गोष्ट त्यापुढे घडते. यंत्राच्या पोटात मोबाईलसारखेच सिमकार्ड असते. ते ही माहिती घडोघडी कंपनीच्या संगणकाकडे पाठविते. तेथे तिची वही तयार होते. आणि ज्याच्या मोबाईलवर ते ॲप असेल, त्याला ती वही केव्हाही उघडता येते. आकाश बिचारे निर्दोष आहे. वही मात्र कोणाच्या तरी हातात असते, आणि आमच्या घरची वही आमच्याच हातात होती.

पहिले काही दिवस समाधानाचे गेले. परंतु कुतूहलाला एकदा खुर्ची दिली, की ते पाट मागते. एका रात्री पुतण्याला उशीर झाला. आम्ही वचन विसरून नकाशा उघडला. तो वाटेतच होता, सुखरूप होता. तेथेच थांबावयाचे; पण बोट पुढे गेले आणि मागल्या आठवड्याच्या नोंदी समोर आल्या. गुरुवारी पहाटे वेग ताशी ७४ किलोमीटर! गावातल्या अरुंद रस्त्यावर, आणि तोही पहाटेच्या धुक्यात!

दुसऱ्या दिवशी जेवताना, सर्व मंडळींसमक्ष, आम्ही त्याला धारेवर धरले. जिवाची पर्वा, वडीलधाऱ्यांची काळजी, कुटुंबाची जबाबदारी, काही म्हणून सोडले नाही. पुतण्या ताटाकडे पाहत शांतपणे ऐकत होता. आमचे बोलणे संपल्यावर तो म्हणाला, "काका, गुरुवारी पहाटे गाडी माझ्याकडे नव्हती. नागपूरची गाडी गाठायला तुम्ही नेली होती."

पंगतीत हशा पिकला. आम्हीही हसलो, दुसरे करण्यासारखे काय होते? यंत्राने वेग अचूक टिपला होता. हात कोणाचा आणि घाई कशाची, हे त्याला ठाऊक नव्हते. तेवढी जागा आम्ही आपल्या कल्पनेने भरून काढली होती, आणि ती भरताना तरुण रक्तावर संशय घेणे आम्हांला अगदी स्वाभाविक वाटले होते.

त्या हशात सूनबाई मात्र सामील नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "बाबा, माझ्या स्कूटरचीही अशीच नोंद होते का?" आम्ही होय म्हणालो. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती सहज बोलाव्या तशा बोलून गेल्या, "बुधवारी तुला चाळीस मिनिटे कुठे उशीर होतो गं?"

ह्या प्रश्नात विष नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगू. पण प्रश्न विचारला गेला, ह्याचा अर्थ आमच्या मोबाईलवर बुधवार पाहिला गेला होता, आणि तो एकदाच नव्हे. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमटी वाढली, ताटे उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरची किल्ली आमच्या वर्तमानपत्रावर ठेवून त्या म्हणाल्या, "आजपासून बसने जाईन, बाबा." आणि त्या गेल्या. तीन आठवडे त्या बसने गेल्या. भर पावसात रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभ्या राहिल्या. ज्यांच्या सुरक्षिततेसाठी आम्ही यंत्र आणले, त्यांना आम्हीच गाडीवरून खाली उतरविले होते.

त्या तीन आठवड्यांत आम्ही पुष्कळ वाचले. अपराधी माणूस नेहमी कायद्याची पुस्तके चाळतो, तसेच हे. १९६२ साली खरक सिंग ह्या उत्तर प्रदेशातील गृहस्थांच्या खटल्यात पोलिसांच्या पाळतीचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. रात्री-अपरात्री घरी जाऊन तपास करणे न्यायालयाने अवैध ठरविले. परंतु हालचालींवर नजर ठेवण्यात बहुमताला काही वावगे दिसले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. मनुष्य हिंडतो-फिरतो आहे, पण कोणाची तरी नजर सतत पाठीवर आहे, तर त्या हिंडण्याला मोकळे म्हणता येत नाही, असा त्यांचा आशय होता. ते मत त्या दिवशी अल्पमतात राहिले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. आणि ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने असाही निर्णय दिला, की जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपले ठिकाण मोबाईलच्या नकाशावरून तपास अधिकाऱ्याला सतत दिसू द्यावे, अशी अट घालता येत नाही. आरोपीलाही जी पाळत लावता येत नाही, ती आम्ही आमच्या सूनबाईंना लावली होती. आणि ती देखील त्यांना न विचारता!

वेगाच्या नोंदी कोठवर पोहोचतात, ह्याचाही एक नमुना वाचनात आला. २०११ साली हॉलंडमध्ये टॉमटॉम ह्या रस्ता दाखविणाऱ्या यंत्रांच्या कंपनीने ग्राहकांच्या वेगांची एकत्रित माहिती सरकारला विकली होती. रस्ते सुधारावेत हा हेतू सांगितलेला. पण त्याच माहितीवरून कोठे वेगमापक लावावेत हे पोलिसांनी ठरविले. ग्राहक खवळले आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. वाट चुकू नये म्हणून घेतलेले यंत्र दंड भरावयास लावते, ह्यात त्या ग्राहकांना विश्वासघात दिसला. नोंद एका कामासाठी होते आणि वापरली जाते दुसऱ्यासाठी, हे त्यातले मर्म. आमच्या घरीही दुसरे काय झाले? काळजीसाठी आणलेली वही चौकशीसाठी उघडली गेली.

आपल्याकडे २०१९ च्या जानेवारीपासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. त्यातून दुचाकी वगळल्या आहेत. म्हणजे दुचाकीला ते लावणे ही ज्याची त्याची मर्जी. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. संमती मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु कोणी व्यक्ती स्वतःच्या वा घरगुती कामासाठी अशी माहिती वापरीत असेल, तर तेथे हा कायदा लागू नाही. कायदा उंबरठ्याशी थांबतो. ते एका परीने योग्यच आहे; घरात शिपाई कोणाला हवा आहे? पण मग उंबरठ्याच्या आत जे राखावयाचे ते घरच्यांच्या सभ्यतेने राखले पाहिजे. आमच्या वडिलांच्या काळी घरात चौदा माणसे होती. दाराला कडी लावण्याची रीत नव्हती, फडताळे सर्वांची होती. पण कोणाच्या नावचे बंद पाकीट दुसरा कोणी फोडीत नसे. पोस्टकार्ड आले, तर ते मोठ्याने वाचून दाखवीत. पाकीट मात्र ज्याचे त्याला. मोबाईलवर बोटाच्या एका स्पर्शाने उघडते म्हणून आम्ही त्या वहीला पोस्टकार्ड समजलो. ते पाकीट होते.

मग नोंदी ठेवूच नयेत काय? ह्याचे उत्तर आम्हांला आमच्याच आकाशात सापडले. मोठ्या विमानांत वेग, उंची आणि दिशा टिपून ठेवणारे यंत्र असते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड वॉरन यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या कल्पनेला प्रत्यक्ष रूप दिले. अपघात झाला, तर ते यंत्र उघडतात. परंतु आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की त्या तपासाचा हेतू पुढला अपघात टाळणे हाच असावा, दोष कोणाच्या माथी मारणे हा नसावा. आपली नोंद होते हे वैमानिकाला ठाऊक असते, आणि ती कोण व कशासाठी उघडणार, हेही आधीच ठरलेले असते. जमिनीवरच्या वहीला ह्याहून वेगळा न्याय का असावा?

एका संध्याकाळी आम्ही सूनबाईंना ओसरीवर बोलावले आणि क्षमा मागितली. वयाने वडील माणसाला हे जड जाते, पण गेले. आमच्या मोबाईलवरचे ॲप त्यांच्यासमक्ष काढून टाकले, संकेतशब्द ज्याचे त्याच्या स्वाधीन केले. कंपनीकडे उरलेल्या नोंदी पुसाव्यात, असे पत्र सूनबाईंनीच धाडले. यंत्र ठेवावे की काढावे, हा निर्णयही त्यांचाच. त्यांनी ते ठेवले. म्हणाल्या, "रात्री उशीर झाला, तर मीच तुम्हांला ठिकाण कळवीन, बाबा. मागून मात्र पाहू नका." पुतण्याने निराळाच करार केला. महिन्याच्या अखेरीस तो स्वतः वही घेऊन बसतो आणि वेग वाचून दाखवितो. आमची अट एवढीच, की आम्ही गाडी नेली असेल त्या दिवसाचेही वाचावे. आमचा वेग आता पन्नाशीच्या आत आला आहे.

स्कूटर पुन्हा सुरू झाली. बुधवारी अजूनही चाळीस मिनिटे उशीर होतो. ती चाळीस मिनिटे कोठे जातात, हे आम्हांला ठाऊक नाही. सौभाग्यवतींनीही पुन्हा विचारले नाही. उलट बुधवारी चहाचे आधण त्या चाळीस मिनिटे उशिराने ठेवतात. आम्ही ओसरीवर सकाळचे वर्तमानपत्र उघडून बसतो. वळणावर स्कूटरचा दिवा दिसला, की घडी घालतो आणि आत जातो, म्हणजे सूनबाईंना वाटू नये, की कोणी त्यांची वाट पाहत होते.