गंगाधरची सबब

नाशिक,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय बाळू,


भाऊबीजेच्या रात्री तू गप्पांतून उठून गच्चीवर गेलास, ते मनाला लागून राहिलंय. तू रागावला नव्हतास, हे मला कळलं. पण बोलणं अर्धवट राहिलं. फोनवर हा विषय काढला तर तू "जाऊ दे ना ताई" म्हणून बाजूला सारशील, म्हणून लिहायलाच बसले.

किती रंगली होती रे ती रात्र! फराळाची ताटं तशीच पडलेली, सगळी चुलत-मामे भावंडं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली आणि विषय निघाला शक्तिमानचा. मामेभावाने 'पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री' एका दमात म्हणून दाखवलं, तर त्याची बायको लातूरकडची, तिलाही ते तोंडपाठ! मग काय, वादच पेटला. गीता विश्वास कोणती खरी, कितू गिडवानीची की नंतर आलेल्या वैष्णवी महंतची? शक्तिमान आणि कॅप्टन व्योम समोरासमोर आले तर कोण जिंकेल? कुणीतरी म्हणालं, शक्तिमानच्या पाठीवर झूल होती. तू ठामपणे सांगितलंस की नव्हती, छातीवर सोनेरी सूर्य होता, बस. तुझंच बरोबर होतं. तुझ्याइतकं त्या पोशाखाकडे कुणी निरखून पाहिलंच नव्हतं.

मला आजी आठवत होती. १९९७ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा तिला आपल्या आनंदाचं कारण कळेना. मग एका रविवारी ती चष्मा लावून समोर बसली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर भीष्माचार्य!" मुकेश खन्नांना तिने 'महाभारता'त भीष्म म्हणून पाहिलं होतं. थोड्या वेळाने काळ्या गुहेतला तमराज किलविष आला, तो सुरेंद्र पाल, म्हणजे तिकडचे द्रोण. आजी किती हळहळली! "तिकडे दोघं एका बाजूला होते रे, इथे फुटले." त्या दिवसापासून आपली मालिका तिचीही झाली. तिच्या लेखी ते महाभारताचंच पुढचं पर्व होतं.

आणि मग तू बोललास. "या गोष्टींनी आपल्याला वाट बघायला शिकवलं. संकट आलं की कुणीतरी येणार. कुणी येत नसतं. माझ्या मुलीला मी डायनोसॉर सांगीन, ग्रह-तारे सांगीन, पण असल्या गोष्टी नाही सांगणार." एवढं बोलून तू उठलास. कुणी काही बोललं नाही, कारण तू बाबांबद्दल बोलत होतास हे सगळ्यांना कळलं होतं.

तेव्हापासून मी याच गोष्टीचा विचार करतेय. आधी तुझं मान्य करते. त्या मालिकेपायी मुलांनी इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत होत्या, आणि खुद्द मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागलं होतं. आपल्या घरातही ते घडलं. तरीही त्या गोष्टी वाट बघायला शिकवतात हे मला पटत नाही.

जरा आठव. शक्तिमानची शक्ती योगसाधनेतून आलेली, कुंडलिनी जागृत झालेली, पंचमहाभूतं त्याच्या हाताशी. हे आपण ऐकायचो, पण खरं सांग, आपल्याला त्यातलं किती कळत होतं? आपल्याला कळायचा तो गंगाधर. 'आज की आवाज' या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, तेलकट भांगाचा, जाड भिंगांचा, पुढे आलेल्या दातांचा. गीतासमोर उभा असतानाच त्याला दुरून हाक ऐकू यायची आणि काहीतरी सबब सांगून तो सटकायचा. लोक त्याला भित्रा म्हणायचे. तो ते ऐकून घ्यायचा, आडोशाला जायचा, एक हात वर करून गिरकी घ्यायचा. आपण गिरकी पाहिली. मला आता वाटतं, खरी गोष्ट त्या सबबीत होती. जायला मिळावं म्हणून खोटं बोलणारा माणूस!

आणि आता आपली सगळ्यात पहिली गोष्ट आठव, अजून अक्षरओळखही नव्हती तेव्हाची. चिऊताईचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिऊताईच्या दारात उभा राहतो. आतून काय येतं? बाळाला न्हाऊ घालतेय, बाळाला पावडर लावतेय, काजळ घालतेय, जरा थांब. एकेक कारण अगदी रास्त. बाळाला काजळ घालणारी आई वाईट कशी म्हणायची? आणि तरी दर वेळी तुझा ओठ खाली यायचा, तू आजीचा पदर ओढून विचारायचास, "ती दार का नाही उघडत?" आजी म्हणायची, "उघडेल हं." पण तुझं समाधान व्हायचं नाही. बाहेर पाऊस पडत असायचा ना.

चिऊताईकडेही सबब आहे, गंगाधरकडेही आहे. ती दार लावून ठेवायला सबब सांगते, तो दाराबाहेर पडायला सांगतो. लहानपणीच्या ज्या ज्या गोष्टी आपल्याला मनापासून आवडल्या, त्या सगळ्या मला या दोन सबबींच्या मधल्या जागेतच घडताना दिसतात.

फुरसुंगीच्या बनेश फेणेला कुणीही अवतार केलं नव्हतं. काडीपैलवान पोरगा, एक सायकल आणि तोंडात तो ट्टॉक. भा. रा. भागवतांनी त्याला एवढंच दिलं की कुठे गडबड दिसली तर याचे पाय तिकडे वळतात. आणि विक्रम राजा? 'चांदोबा'तलं शंकर यांचं ते चित्र आठवतं ना, खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, मागे स्मशान? कितीतरी दशकं ते चित्र छापलं गेलं आणि आपण अंक हातात पडला की आधी तेच पान उघडायचो. मद्रासला १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या 'चांदमामा'चा तो मराठी भाऊ. त्या गोष्टीतला पेच मला मोठेपणी उमगला. मौन पाळलं तर राजाचं काम होणार आहे. पण वेताळ प्रश्न विचारतो आणि अट घालतो की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. राजा उत्तर देतो, वेताळ निसटून झाडाला लटकतो, राजा पुन्हा झाडाकडे चालू लागतो. माहीत असून गप्प बसायचं नाही, मग कितीही वेळा परत चालावं लागो. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या या कथा घेतल्या, त्या मनमाडच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत आल्या त्या उगाच नाही.

आणि आता जे लिहायचं म्हणून खरं तर हे पत्र सुरू केलं, ते लिहिते.

तुझा हात मोडला तो रविवार. मालिकेचा त्या दिवसाचा भाग नुकताच संपला होता. तू बनियनवर हळद कालवून सूर्य काढलास आणि मागच्या मोरीच्या पत्र्यावर चढलास. मी पडवीत पायरीवर 'चांदोबा' घेऊन बसले होते. गिरकी घेताना तुझा पाय सरकला आणि तू पत्र्याच्या कडेला लोंबकळलास, हे मी पाहिलं नाही, कारण माझी मान खाली होती. पण ऐकलं मी. पहिल्यांदा तू "शक्तिमाऽऽन" म्हणून ओरडलास. मला वाटलं, खेळतोय. दुसऱ्यांदा ओरडलास तेव्हा आवाज वेगळा होता, ते मला कळलं होतं, बाळू. मी म्हणाले, "आले रे, एवढं पान होऊ दे." तिसऱ्यांदा तू शक्तिमानला हाक मारलीच नाहीस. "ताई" म्हणालास.

मी पुस्तक टाकून उठले तोवर शेजारचे गार्डकाका कुंपणाच्या भिंतीवरून उडी टाकून आले होते. रात्रपाळी करून आलेला माणूस, दाढीला बसला होता. तू त्यांच्या हातांवर अर्धा पडलास आणि अर्धा फरशीवर, म्हणून मनगटावर निभावलं. त्यांनी तुला तसंच सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. मी मागून पळत होते. दवाखान्याच्या बाकावर ते तुला मांडीवर घेऊन बसलेले मला अजून दिसतात: एक गाल गुळगुळीत, दुसऱ्या गालावर साबण वाळून पांढरा पडलेला, त्याला बारीक भेगा गेलेल्या. मनमाडला तेव्हा नळाला पाणी किती दिवसांनी यायचं ते तुला ठाऊक आहे. दाढीपुरतं मगभर पाणी काढून ठेवलेलं, तेही ते उडी मारताना सांडलं होतं.

आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "ओरडल्याबरोबर मी धावत गेले." आजपर्यंत ते तसंच राहिलं. मालिकेच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' लागायचं. त्यात मुलं शक्तिमानसमोर उभी राहून आपली चूक कबूल करायची, 'सॉरी शक्तिमान' म्हणायची. पुढचे कितीतरी रविवार तो भाग लागला की मी पाणी प्यायला आत जात होते. तुला कधी लक्षात आलं नसेल. मी चिऊताई झाले होते रे, आणि माझ्या मांडीवर बाळ नव्हतं, नुसतं एक पान होतं. सॉरी, बाळू. हे तुला सांगायला फार वर्षं लागली.

तुला त्या दिवसातलं पडणं आठवतं. मला तो वाळलेला साबण आठवतो. म्हणून तू म्हणतोस की कुणी येत नाही, आणि मला तसं म्हणता येत नाही.

आणि बाबा. २०२१ चा तो कोरोनाचा एप्रिल. आपण दोघं रात्रभर फोन लावत होतो, तू पुण्याहून, मी इथून. किती दारं वाजवली आणि आतून किती रास्त कारणं ऐकली! तुझा राग तिथला आहे, आणि तो खोटा नाही. पण पहाटे तीनला सिन्नरहून स्कूटरवर ऑक्सिजनचा सिलिंडर बांधून एक पोरगा आला होता, हेही खरं आहे. तू इथे नव्हतास, म्हणून त्याच्याबद्दल तुला नीट सांगितलंच गेलं नाही. विशीचाही नसेल. हेल्मेट काढलं नाही, पाणी घेतलं नाही, पैसे घेतले नाहीत. नळी नीट बसली का, तेवढं दोनदा तपासलं. मी म्हटलं, "घरी काळजी करत असतील रे, फोन तरी कर." तर म्हणाला, "नको काकू. आई सोडत नाही बाहेर, या दिवसांत. मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून सांगून आलोय." आणि गेला. त्याला पुढचा फोन आला होता.

बाबा त्यानंतर अकरा दिवस होते. तुझ्याशी दोनदा बोलले ते त्याच दिवसांत.

त्या पोराचा जन्म शक्तिमान संपत आली तेव्हाचा. त्याने ती पाहिली असेल की नाही, मला माहीत नाही. पण ती सबब मी ओळखली. आपण ती दर रविवारी ऐकत होतो.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. छकुलीला ग्रह-तारे जरूर सांग, डायनोसॉर सांग. पण या गोष्टी तिच्यापासून काढून घेऊ नकोस. पाच वर्षांचं असताना प्रत्येकाला वाटतं की आपण दाराबाहेर भिजणारा कावळा आहोत. पुढे केव्हातरी आपण दाराच्या आत असतो आणि कुणीतरी बाहेरून कडी वाजवतं. तेव्हा हातातलं टाकून उठायचं, ही सवय व्याख्यानाने लागत नाही. मोरीला शिडी ठेवू नकोस म्हणजे झालं.

आणि एक राहिलं. त्या रात्री तू गच्चीवर होतास तेव्हा छकुली माझ्या कुशीत येऊन पडली आणि म्हणाली, "आत्या, गोष्ट सांग." तुला न विचारता मी चिऊ-काऊची सांगितली. चिऊताई बाळाला न्हाऊ घालतेय इथवर आले, आणि ती उठून बसली. तुझ्यासारखा तिचा ओठ नाही खाली आला. तिने मला विचारलंही नाही की चिऊताई दार का उघडत नाही. ती म्हणाली, "आत्या, बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून कडेवर घ्यायचं आणि दार उघडायचं ना."

तिला माझा पापा दे.

तुझी,
ताई